नानांची स्वतःची झोप

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात मेथी निवडत होते. "सकाळी चहाला उठवायला गेलो, तर..." चुलतभाऊ सांगत होता. आणि मी वेड्यासारखं विचारलं, "रात्री झोप लागली होती ना त्यांना?" माझ्या या थोरल्या काकांविषयी आमच्याकडे पहिला प्रश्न हाच असायचा.

फैजपूरजवळ नानांची केळीची बाग. एका उन्हाळ्यात वादळानं ती घडांसकट आडवी केली. तेव्हापासून नुसता वारा सुटला तरी नानांच्या छातीत धडधडायचं. चिंतेवरची गोळी सुरू झाली, धडधड थांबली, पण माणूस दिवसभर पेंगुळलेला... शेवटी मी त्यांना जळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गोळी कधी घेता, असं त्यांनी विचारलं, तर नाना शांतपणे म्हणाले, "लाईन पाहून." शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री मोटर चालवायची असली की नाना गोळी सकाळी न्याहारीवर घेत! मला हसू आवरेना. बाई मात्र गंभीर झाल्या. म्हणाल्या, झोपेचं संप्रेरक अंधार पडल्यावर सुटतं, जाग आणणारं पहाटे वाढतं. गोळीनं झोप लागते, पण गाढ झोप कमी होते. त्यात अशा पाळ्या बदलल्या तर शरीराला रात्र कोणती तेच कळेनासं होतं. नानांना ते नेमकं पटलं. "झोप लागते बाई, पन ती गोयीची हाये, माही नही. मले माही झोप पायजे."

एकदम बंद करायची नाही, असं बाईंनी बजावलं. रात्री जागायला नको म्हणून चुलतभावानं मोबाइलवरून मोटर चालू करायची सोय केली, त्यावर नाना आठवडाभर रुसून होते. मग बाई सांगतील तसं हळूहळू कमी करत, रोज संध्याकाळी खाटेवर बसून ते अडकित्त्यानं गोळी कातरायचे, सुपारीइतक्याच निगुतीनं. "नाना, चुना लावू का?" मी चिडवायचे. ते खुदकन हसायचे. पुढं बाईंनी गोळी पूर्ण बंद केली, तरी एक अर्धी त्यांनी पानाच्या डब्यात ठेवलीच... वारा सुटला तर असू दे म्हणून.

दहाव्यानंतर काकूंनी तो डबा माझ्याकडे आवरायला दिला. अडकित्त्याखाली ती अर्धी गोळी तशीच होती. मला रडू फुटलं.

काकू जवळ बसल्या. "त्या रातच्याले लय वारा व्हता," त्या म्हणाल्या. "गोयी देऊ का, इचाराले गेली... तं हे घोरू राह्यले व्हते."