पत्रिकेत आपलं नाव

आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत नवरा-नवरी शोधावे लागतात. आधी आजी-माजी पदाधिकारी, मग युवा नेते, मग प्रमुख उपस्थिती. चऱ्होलीच्या एका पत्रिकेत मी बासष्ट नावं मोजली होती आणि त्यावर कॅन्टीनमध्ये वर्षभर विनोद केले होते.

चाकणच्या कारखान्यात मी ट्रेनिंगचं काम पाहतो. सुरक्षा सप्ताहात ऑनलाइन फसवणुकीवरचं भाषण माझंच होतं. 'अनोळखी फाइल उघडू नका' हे वाक्य मी दोनदा, सावकाश म्हटलं. अशी फाइल उघडण्याआधी फोन तीनदा विचारतो, हेही सांगितलं. नंतर शाल-नारळही स्वीकारला.

पंधरवडाही झाला नसेल. रविवारी सकाळी सांगवीत घरी चहा घेत होतो. अनोळखी नंबरवरून निरोप आला, 'सस्नेह निमंत्रण. पत्रिकेत आपलं नाव आहे.' खाली फाइल. ती धोकादायक असू शकते, असं सांगून फोनने मला तीनदा अडवलं. तिन्ही वेळा मी होकार दिला. माझं नाव कुणी छापलंय आणि कितव्या ओळीत, एवढंच मला पाहायचं होतं. पत्रिका काही दिसली नाही.

चहा संपेपर्यंत तोच निरोप माझ्या नावाने अख्ख्या वेल्डिंग शॉपला गेला होता. बहुतेकांनी तो सोडून दिला. लातूरकडच्या एका वेल्डरने मात्र फाइल उघडली. बँकेने त्याचं खातं वेळेत बंद केलं, पण फोन पूर्ण पुसावा लागला. त्याची मुलगी पहिल्यांदा चालली तो व्हिडिओ त्यात होता. दुसरीकडे कुठे नव्हता.

सोमवारी शिफ्टआधीच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांना सांगितलं, "चुकून बोट लागलं."

"तीनदा लागलं का, सर?" मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले. तो वेल्डर हसला नाही.

तो हसला नाही, हे चार दिवस डोक्यातून जाईना. शेवटी कॅन्टीनमध्ये ताट घेऊन त्याच्यासमोर बसलो.

"बोटबिट काही लागलं नव्हतं," मी म्हणालो. "नाव बघायला उघडली. तुझा व्हिडिओ माझ्यामुळे गेला."

"माहीत हाय की, सर."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगंल? तुमच्या निरोपातच लिहिलं होतं ना, पत्रिकेत आपलं नाव आहे म्हणून. सगळ्या शॉपनं वाचलं." त्याने चपातीचा तुकडा मोडला. "मी बी त्याच्यासाठीच उघडली."

म्हणजे मी खोटं बोललो तेव्हा समोरच्या प्रत्येकाला खरं कारण शब्दशः पाठ होतं.

"मला वाटलं, तुमच्या धाकट्या ताईंचं लग्न ठरलं," तो म्हणाला. "सरांनी आपलं नाव घातलंय. बायकोला पण दाखवायला बोलावलं होतं, फाइल उघडताना." मग त्याने माझ्या ताटाकडे पाहिलं. "भात घ्या, सर. गार होतोय."

मी भात घेतला. थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मीच लिहिली होती. कंपनीच्या बड्या साहेबांचं नाव त्यात ठळक अक्षरात होतं. वेल्डिंग शॉपला मी एक पत्रिका दिली होती, सगळ्यांना मिळून. ती नोटीस बोर्डावर लावली होती.

त्या लग्नाला तो आला होता. बायकोला घेऊन.