वाकणारं लेकरू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही — कदाचित तुम्ही आमच्या नात्यातले नाही, एवढ्यासाठीच.

मी नांदेडला लहान मुलांच्या एका दवाखान्यात नर्स आहे. एकोणीस वर्षं झाली. आकडीची लेकरं आमच्याकडे रोज येतात. कुणाला कांदा हुंगवून झालेला असतो, कुणाच्या गळ्यात ताईत असतो, आणि मी त्या आयांवर खेकसते — इतके दिवस काय करत होता? खेकसण्यात मी पटाईत. लोक डॉक्टरांपेक्षा मला जास्त घाबरतात. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना माझी लायकी लक्षात राहील.

सासर निलंग्याचं. किराण्याचं दुकान, देवघरात महादेव, घर कायम पाहुण्यांनी भरलेलं. धाकट्या दिराला लग्नानंतर चार वर्षांनी मुलगा झाला — बसवराज, आमचा बसू. मला मूल नाही. बारशाला मी बाळ पाळण्यात घालायला पुढे झाले, तर सासूबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, “तू र्‍हाऊ दे गं. लेकुरवाळीला घेऊ दे.” माझी जाऊ रेखा खाली मान घालून बसली होती. ती गप्प राहिली म्हणून माझा राग तिच्यावरच गेला. तिचं काय चुकलं होतं? ओली बाळंतीण ती, सासूपुढे काय बोलणार होती? पण मला राग काढायला तीच सापडली.

बसू पाच महिन्यांचा असताना घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. नुकतंच झोपेतून उठलेलं लेकरू, रेखाच्या मांडीवर. मान एकदम पुढे जाते, दोन्ही हात पसरून वर येतात, क्षणभर तसेच राहतात, मग अंग सैल पडतं. पुन्हा तसंच. पुन्हा — आठ-नऊ वेळा, ओळीनं. मागून सासूबाईंचा आवाज, “बगा, महादेवाला वाकायलंय माझं लेकरू! लई पुण्यवान हाय!” खाली साऱ्या नातेवाइकांनी हात जोडलेले.

मी तो एकदाच पाहिला. दुसऱ्यांदा पाहायची गरजच नव्हती. तान्ह्या बाळांची एक आकडी अशीच असते — तोंडाला फेस येत नाही, शुद्ध हरपल्यासारखं दिसत नाही, नुसते बारीक झटके, झोपेतून उठलं की एकामागून एक. बघणाऱ्याला वाटतं, दचकलं असेल, पोटात दुखत असेल. पण ती मेंदूची वाढच अडवते. औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं लेकरू हाती लागतं. हे मला ठाऊक होतं. नवीन नर्सना हे मीच शिकवते.

मग मी काय केलं? मीही जोडलेले हात पाठवले.

मनात काय होतं ते सांगते — कारण म्हणून नाही, होतं म्हणून. मनात आलं, लेकुरवाळ्या आहेत ना तिथे, त्यांना कळू दे. आठवड्यानं सांगू. आठवडा गेला. मग वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, तेव्हाच का नाही बोललीस? म्हणून पुन्हा गप्प. मध्ये एका लग्नासाठी निलंग्याला गेले, बसूला मांडीवर घेतलं. पूर्वी तोंडाकडे बघून खुदकन हसणारं पोर माझ्या खांद्यापलीकडे कुठंतरी बघत होतं. मी त्याला खाली ठेवलं, चहा घेतला आणि परतीची एसटी पकडली. असं कसं जमलं मला? — जमलं.

अकरा आठवडे गेले. शेवटी रेखाचाच फोन आला. “अक्का, लेकरू हसायचंच बंद झालंय. माझंच काय तरी चुकायलंय का?” घेऊन ये, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ईईजी झाला, औषध सुरू झालं, काही दिवसांनी झटकेही थांबले. पण हसणं परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असता तर कदाचित — आणि थांबले. त्या ‘कदाचित’च्या आड मी कितीदा लपले आहे! बसू आता सहा वर्षांचा आहे. बसवलं तर बसतो, भरवलं तर खातो. बोलत नाही.

आणि घरात काय म्हणतात, ठाऊक आहे? अक्कानं ओळखलं म्हणून लेकरू वाचलं. सासूबाई माझ्याशी आदबीनं बोलतात, पाहुण्यांना माझं कौतुक सांगतात. मी एकदाही त्यांना अडवलं नाही. खूप वाईट वाटतं, पण वाटून काय उपयोग? ते बसूच्या कामाचं नाही.

गेल्या महिन्यात रेखा त्याला तपासणीला घेऊन आली होती. तिला पुन्हा दिवस गेलेत. डॉक्टरांची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. ती म्हणाली, “अक्का, ह्या बारीला बाळंतपणाला माहेरी जात न्हाई. तुमच्याकडंच येते. लेकरावर तुमची नजर असली की मला भ्या न्हाई.”

बसू माझ्या मांडीवर होता. मी म्हटलं, ये.