उमरेड ते नागपूर, सुजाताच्या कळा घेऊन

सकाळी नऊला उमरेडच्या सरकारी दवाखान्यातून रुग्णवाहिका निघाली. आत माझी मुलगी सुजाता. आठवा महिना नुकताच लागलेला, आणि कळा सुरू. सोबत जावई प्रशांत, विहीणबाई आणि मी.

पाचगावच्या अलीकडे कोळशाच्या ट्रकांमागे अडकलो. चालक खिडकीतून ओरडला, "बाजूले घे ना बे! लेकरू इथंच काढाले लावतं काय?"

सुजाता मांड्या दाबत होती. "पाय काहून दुखून राहिले वं?" विहीणबाईंनी विचारलं.

"थकवा आहे," मीच मध्ये बोललो.

थकवा नव्हता. तिला सिकलसेल आहे. रक्तपेशी वाकतात, अडकतात, हाडं ठणकतात. शाळेतच तिला लाल कार्ड (आजार असल्याचं सरकारी कार्ड) मिळालं होतं. आमच्याकडे आता सोयरीक जुळवताना तपासणीचं विचारतात. मी सांगितलं, साफ आहे. कार्ड पेटीत तळाशी घातलं आणि तिला गप्प राहायला लावलं. गरोदरपणात नर्सबाईंनी विचारलं, तेव्हाही सोबत मीच होतो.

दिघोरीपासून शहर सुरू झालं. मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधीचा काही आजार?"

"नाही मॅडम," प्रशांत म्हणाला. "लग्नाआधीच तपासलं."

बाळाच्या फुफ्फुसांसाठीची सुई सिस्टरांनी भरून घेतली होती.

"तिले सिकलसेल आहे," मी म्हणालो. "मी लपवलं."

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरांचा हात थांबवला. "आता सांगता? ही सुई बाळाला हवीच. पण सिकलसेलमध्ये या सुईनं आईची तब्येत बिघडू शकते." मग ऑक्सिजन, सलाईन, ब्लँकेट आलं. रक्त जुळवून आणलं. ते चढू लागल्यावर, डोळ्यांत तेल घालून, सुई दिली.

कळा दोन दिवस लांबवता आल्या. मुलगी झाली, तळहाताहून थोडी मोठी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सुजाता वाचली.

बाहेर टपरीवर तर्री-पोहे (झणझणीत रस्सा घातलेले पोहे) चांगले मिळतात. प्रशांतने दोन प्लेटा घेतल्या, एक आईला दिली. विहीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगितलं असतं तं आम्ही नाही म्हटलं असतं, हे खरं हाय. पण सून करून आणल्यावर तरी सांगाले पाहिजे होतं नं. थंडीत गार पाण्यानं कपडे धुवू देले नसते मी."

 

चौथ्या दिवशी कपडे आणायला घरी निघालो, तेव्हा सुजाताने विचारलं, "बाबा, आता दुखलं तं दुखते म्हणू नं?"

"म्हण," म्हटलं.

परतीच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. पाचगाव कधी गेलं, कळलं नाही. तिचा संसार राखतो आहे असं मी समजत होतो. आणि ती इतके दिवस विव्हळायला माझ्या परवानगीची वाट बघत होती.