सालीची बाजू

काकूंचा राग कायम नाकावर, असं डिझाइनच्या ऑफिसात सगळे म्हणायचे. का नसावा हो त्या बाईचा? तीस वर्षं बांबूच्या टोपल्या नि पाळणे विणून बोटांना घट्टे पडलेले. मग या डिझाइनवाल्यांनी बोलावलं: शिंपल्याच्या आकारावरून संगणक छप्पर रचणार, काकू ते विणणार, सिमेंट नको, लोखंड नको. खरं सांगायचं तर काकूंना ते काम मनापासून आवडलं होतं.

पहिलं छप्पर एका पाळणाघराच्या अंगणात बसवायचं होतं. नेमकी तेव्हाच काकूंची कंबर धरली आणि त्या चार दिवस घरी पडल्या. तेवढ्यात इथे दिवे लावले गेले! खालून चकाकी दिसावी म्हणून ऑफिसच्या साहेबांनी काकूंच्या मदतनिसांना प्रत्येक कामटीची, म्हणजे बांबूच्या पट्टीची, साल आतल्या बाजूला घ्यायला लावली. संगणकानं काही हरकत घेतली नाही. घेणार कशी? त्याला कामटी म्हणजे एक रेघ, साल नि गाभा वेगळे असतात हे कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी मुलांना अंगणात सोडायचं होतं. काकू आल्या, वर पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, उतरवा हे. कामटी वाकवली की बाहेरच्या अंगाला साल लागते, ताण तीच धरते. गाभा मऊ, तो उकलायला लागलाय. ती बघा चीर."

"काकू, संगणकावर दहा हजार वेळा तपासलंय."

"त्यानं एकदा तरी कामटी वाकवलीय का हातानं?"

"उगाच घाबरवू नका लोकांना. काही होत नाही."

"बरं. मग तुमच्या लेकीला आणा. बसू दे तासभर खाली. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"आज तिची शाळा आहे."

"संध्याकाळी आणा."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या मुलीला कशाला मध्ये ओढताय?"

दारात पाळणाघराच्या ताई उभ्या होत्या, मागे वीसेक पोरं बाहेर पळायला उतावीळ. काकू त्यांच्याकडे वळल्या.

"ऐकलंत ना, ताई?"

ताईंनी साहेबांकडे एकदा पाहिलं, पोरांना मागे सारलं आणि दाराला आतून कडी घातली.