शिशाची कडी

आमच्या रायपूरच्या प्रयोगशाळेत शिरताना सर चपला बाहेर काढतात. आत पिंपाएवढ्या थर्मासात, द्रव हेलियममध्ये, शिशाची कडी बुडालेली आहे. तेवढ्या थंडीत शिसं विजेला अडवतच नाही. एकदा सोडलेली वीज, कडीला चुंबक बनवत, बॅटरी काढली तरी फिरत राहते. ती सोडली होती मॅडमनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, वारल्या त्याच्या आदल्या आठवड्यात. तेव्हापासून सर हेलियम कमी पडू देत नाहीत.

“बंद काहून करू? ते फिरून राहिली ना,” म्हणतात. निघताना थर्मासाकडं वाकून हळूच म्हणतात, “येतो.”

काल सर नागपूरला गेले होते. हेलियम मी भरलं आणि सहज होकायंत्र जवळ नेलं. सुई उत्तर सोडून थर्मासाकडं वळली. मी चपला काढल्या.

“मॅडम,” मी म्हणालो, “सर उद्या येतील.”