घाम वाळेपर्यंत

सागर, ये रे, असा आजीजवळ बस. जिममधून घामानं निथळत आलास अन् पाणी न पिताच भिजवलेले हरभरे खात बसलास? त्या हरभऱ्यांचा वास आला की मला आमचं हर्सूलचं अंगण दिसतं.

तवा मी दहा वर्षांची. चैत्राच्या भर उन्हात माझा दादा तालमीत दगडी गोटा उचलून, घामानं भिजून घरी आला. मायनं त्याच्यासाठी हरभरे अन् दूध काढून ठेवलं होतं. त्यानं ते बाजूला सारलं. "चिंगे, घोटभर पाणी दे गं."

घाम वाळल्याबिगर पाणी द्यायचं नाय, असं वस्ताद सांगायचे. आम्हाला ते खरं वाटायचं. मी तांब्या पाठीमागं लपवला. "आधी घाम वाळव, पैलवान!"

तो हसला अन् भिंतीला टेकला. थोड्या वेळानं त्याचा घाम खरंच वाळला. अंग मात्र तव्यावाणी तापलेलं. माय शेतातून आली तवा तो बोलत नव्हता. दिवस मावळायच्या आत गेला.

सगळे म्हणाले, ऊन लागलं. तांब्याचं मी कुणालाच सांगितलं नाय. आज तुला सांगतेय.

घे, आधी हे पाणी पी. अन् सुट्टी संपून गेलास तरी लवकर परत ये रे. मी माठ रोज भरून ठेवते, पण तू नसलास की प्यायला कुणी नसतं.