दाताच्या बुडाची माती

"दात धड हाय की मावशी, त्याच्या बुडाची माती सुटलीया."

डॉ. सुमती मगदूम यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी तेव्हा कॉलेजात जायचे. आईचा हलणारा दात काढून घ्यायला आम्ही कसबा बावड्याहून त्यांच्या शाहूपुरीतल्या दवाखान्यात आलो होतो. ब्रशला रक्त लागतं म्हणून आई ती बाजू घासतच नव्हती. "रक्त येतंय तिथंच घासायचं, हळू," मॅडम म्हणाल्या आणि दाताला हात न लावता त्यांनी आधी साखर तपासायला पाठवलं. साखर बरीच वाढलेली निघाली. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना खतपाणी घालतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. पुढे आईचे दोन दात गेले. ते जाणार, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. बाकीच्या दातांनी ती आजही भाकरी खाते. दर खेपेला तोंड बघण्याआधी मॅडम विचारायच्या, "जेवून आलाय न्हवं?"

त्यांच्यामुळेच मी दंतवैद्यक शिकले आणि त्यांच्या हाताखाली काम करू लागले. झिजलेलं हाड परत आणून देण्याचा शब्द त्या कुणाला देत नाहीत. उरलंय ते टिकवू, एवढंच म्हणतात. मिश्री लावणाऱ्या बायकांवर रागावत नाहीत. हातात आरसा देतात आणि शेजारी बसून राहतात. एकदा एका दूधवाल्यांनी खुर्चीत बसूनच शंका काढली, "कीटण काढलं की दात ढिलं हुत्यात म्हनं?"

"ढिलं हाईतच, पावणं. आजवर घाणीनं धरून ठेवलं हुतं."

ते हसले. तोंड उघडलेलं बघून मॅडमनी कामाला सुरुवात केली.

आता मॅडमना स्वतःला मधुमेह आहे. गेल्या महिन्यात गोळी घेतली, जेवण लांबवलं आणि भर दुपारी घामाघूम होऊन त्या पेशंटच्याच खुर्चीत बसल्या. मी साखरपाणी पाजलं. सावरल्यावर पहिला प्रश्न, "बाहेर कोण बसलंय?"

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त सगळे त्यांना निरोगी दीर्घायुष्य चिंततील. मीही मनापासून चिंतते. पण मॅडम, ते आयुष्य तुमच्या डब्यातही आहे, आणि तो रोज तिसऱ्या प्रहरापर्यंत बंद असतो. "एवढ्या मावशींना बघते, मग," असंच तुम्ही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. तरी मागते: दुपारी एक वाजता दार लावा आणि आधी जेवा.